सर, मयत किती दाखवू?

परीक्षेच्या दालनात विद्यार्थी शंका विचारतो तेव्हा ती बहुधा पुरवणीची असते, नाहीतर उरलेल्या वेळेची. त्या दिवशी शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहिला आणि त्याने आमच्यातील एकाला विचारले, "सर, मयत किती दाखवू?" प्रश्नपत्रिकेतील चौथा प्रश्न असा होता : ‘महामार्गावरील अपघाताची कल्पित तपशिलांच्या आधारे बातमी तयार करा. (गुण १०)’. पर्यवेक्षकाने अशा शंकेला उत्तर द्यायचे नसते; पण आमच्या या सहकाऱ्याच्या तोंडून निघून गेले, "तुला योग्य वाटतील तेवढे." मुलाने पाच दाखवले. त्यांत दोन स्त्रिया आणि एक बालक होते, चालक फरारी होता, पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली होती आणि परिसरात हळहळ व्यक्त होत होती. सत्र परीक्षा असल्यामुळे उत्तरपत्रिका आमच्याकडेच तपासायला आली. मुलाला दहापैकी आठ गुण मिळाले. दोन शुद्धलेखनाचे गेले.

ही हकीकत खंडाळ्याची. हा मुलगा ज्या गावचा, तिथून दुचाकीवर वीसेक मिनिटांच्या अंतरावर खंबाटकी घाटाचे ते इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण आहे, जिथे १० एप्रिल २०१८ च्या पहाटे मजुरांना घेऊन येणारे मालवाहू वाहन कठड्यावर आदळून उलटले आणि १८ माणसे मेली. ती कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यातली होती आणि शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामावर मजुरीसाठी येत होती. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण त्या सकाळी तिथे जाऊन आले होते. त्यानंतरच्या सत्रात आम्ही त्यांच्यासमोर जी प्रश्नपत्रिका ठेवली, तीत अपघात कल्पावयाचा होता.

आम्ही म्हणजे मराठीचे दोघे-तिघे प्राध्यापक. (पूर्वी आम्हाला अधिव्याख्याता म्हणत, आता सहायक प्राध्यापक म्हणतात, या बदलाने काय बदलले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आम्ही एम. ए. केले ते साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान, मध्ययुगीन वाङ्मय असे विषय घेऊन. पुढे महाविद्यालयात ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ आले, ‘व्यावहारिक मराठी’ आले, वृत्तपत्रविद्येचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आला आणि तो कोणी शिकवायचा या प्रश्नाला ‘मराठीवाले शिकवतील’ हे उत्तर कोणी विचार करून दिले नव्हते. आम्हीही विचार न करता ते स्वीकारले, कारण तासिका भरत होत्या. आमच्यापैकी कोणीही तोवर एकही बातमी लिहिलेली नव्हती. आज या मजकुरात जी टीका आहे तिचा पहिला रोख त्यामुळे आमच्यावरच आहे. पण तो आमच्यावरच थांबावा असे आम्हाला वाटत नाही, कारण जे आम्ही केले तेच सातारा-सांगलीपासून नागपूर-नांदेडपर्यंतचे बहुतेक मराठी विभाग करत आले आहेत.

‘बातमी’ हा मराठी विभागात निबंधाचा धाकटा भाऊ म्हणून शिकवला जातो. व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये, प्रकार. कुत्रा माणसाला चावला तर बातमी होत नाही, माणूस कुत्र्याला चावला तर होते, हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शकात असते (माणूस चावलेला कुत्रा आजवर आम्हाला कोणत्याही तालुक्यात आढळला नाही, रेबीजची लस ग्रामीण रुग्णालयात आहे की नाही, ही बातमी मात्र कुत्रा चावल्यावरच होते). मग सहा ककार : कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. मग उलटा मनोरा : महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे नंतर, म्हणजे उपसंपादकाला जागेअभावी खालून कापता येते. हे सारे खरे आहे आणि एका तासात सांगून होते. उरलेले सत्र आम्ही काय करतो? मुलांना घरबसल्या बातम्या लिहायला लावतो. वृक्षारोपण, रक्तदान, स्नेहसंमेलन, अपघात. शाळेतही उपयोजित लेखनात बातमी आहे. तिथेही मुलाला कार्यक्रमाचे दोन-तीन मुद्दे दिले जातात आणि उरलेले त्याने ‘कल्पनेने’ भरायचे असतात. दहावीला सुरू झालेले हे शिक्षण पदवीपर्यंत अखंड चालते आणि त्याचा मथितार्थ एकच : तपशील ही मिळवण्याची वस्तू नाही, सुचण्याची आहे.

कथालेखनाच्या कार्यशाळेत हे वाक्य शोभले असते. बातमीच्या संदर्भात त्याला खोटेपणा म्हणतात. आम्ही तो गुण देऊन शिकवला.

सहा ककारांपैकी अगदी सोपा समजला जाणारा ‘कुठे’ घेऊ. खंडाळा म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुसंख्य लोकांना बोरघाट आठवतो, धुके आणि धबधबे आठवतात, १९९८ च्या एका हिंदी चित्रपटातले गाणे आठवते. आमचा खंडाळा तो नव्हे. आमचा सातारा जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. नीरा नदी ओलांडून पुण्याहून येणारा महामार्ग शिरवळला तालुक्यात शिरतो आणि खंबाटकी चढून वाई तालुक्याकडे उतरतो. लोणंदचा कांदा याच तालुक्यातला, आणि सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव नायगावही. बातमीत ‘खंडाळा घाटात’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याचा नातेवाईक दीडशे किलोमीटर चुकीच्या दिशेला धावू शकतो. हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही. ‘कुठे’ म्हणजे स्थळ, असे सांगितले.

आता अवघड ककार. २०१८ च्या त्या अपघाताची बातमी प्रामाणिकपणे लिहायची म्हटले तर बातमीदाराला काय काय करावे लागले असते? मृतांची नावे नीट लिहायची तर कन्नड जाणणारा माणूस शोधावा लागला असता. नाव कानावर पडले तसे लिहिले की मेलेल्या माणसाचे आडनाव गाव होते आणि गाव आडनाव. ती माणसे मालाच्या वाहनातून रात्रभर प्रवास का करत होती, त्यांना कोणी बोलावले होते, मजुरी काय ठरली होती, ठेकेदाराकडे त्यांची नोंद होती का, हे विचारावे लागले असते. त्या वळणावर याआधी किती वाहने गेली याची नोंद पोलीस ठाण्यात आणि महामार्ग प्राधिकरणाकडे पाहावी लागली असती. खंबाटकीला नवा जुळा बोगदा करण्याचे ठरले तेव्हा हे वळण टाळणे हे त्याचे एक जाहीर कारण होते, म्हणजे वळण धोक्याचे आहे हे सरकारी कागदांना ठाऊक होते. केव्हापासून ठाऊक होते, हा प्रश्न होता. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ या तीन शब्दांत हे सगळे प्रश्न मिटतात. म्हणूनच ते तीन शब्द इतके लोकप्रिय आहेत. त्यात ‘का’चे उत्तर दिल्यासारखे दिसते आणि ‘का’ विचारावा लागत नाही. चालक तर बहुधा उत्तर द्यायला नसतो.

इथे मराठी विभागाला खरोखर काही करता आले असते, आणि तेही आम्ही केले नाही. प्रयोग आम्ही शिकवतो. कर्तरी, कर्मणी, भावे, कर्मणीचे पोटप्रकार, ‘कडून’ लावून होणारा, इंग्रजीच्या वळणाने आलेला नवीन कर्मणी. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून यावर किती चर्चा झाली हेही सांगतो. पण वृत्तपत्राची भाषा शिकवताना ते व्याकरण आम्ही पेटीत बंद ठेवतो. ‘कारवाई करण्यात आली’, ‘अतिक्रमण हटवण्यात आले’, ‘पाणीपुरवठा खंडित करण्यात आला आहे’, ‘हळहळ व्यक्त होत आहे’. या वाक्यांत कर्ता कुठे आहे? अतिक्रमण कोणी हटवले, कोणाच्या आदेशाने, आदेशावर सही कोणाची? हळहळ कोण व्यक्त करत आहे? बातमीदार स्वतः हळहळतो आहे की शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांनी च्‌च्‌ केले? मराठीत कर्ता वगळण्याच्या इतक्या सोयी आहेत की सत्तेला त्यांचा मोह पडावा यात नवल नाही. प्रशासनाची मराठी याच प्रयोगावर उभी आहे, आणि तालुक्याचा वार्ताहर ती प्रेसनोटमधून जशीच्या तशी उचलतो. व्याकरणाचा तास आणि बातमीचा तास एकाच शिक्षकाकडे असून त्यांची गाठ पडत नाही. आमच्या मते मराठी विभागाने वृत्तलेखन शिकवण्याचे एकमेव समर्थन हे होते की, आम्ही वाक्यातला हरवलेला कर्ता शोधून द्यायला शिकवू शकतो. ते आम्ही सोडून दिले आणि ‘आकर्षक मथळा कसा द्यावा’ हे शिकवत बसलो.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, आणि म्हणालेही, की वार्तांकन हा कसबाचा भाग आहे, तो कचेरीत शिकतात; साहित्याच्या विभागाने त्यात पडू नये. हा आक्षेप वरवर नम्र आहे. त्याच्या तळाशी एक जुना वर्णभेद आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पत्रकारितेला आम्ही मोठी जागा दिली, पण ती अग्रलेखाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले हे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्यात कोणत्या बातम्या होत्या, त्या कुठून येत, हे विचारले तर शिक्षकही गप्प बसतो. चिपळूणकर, टिळक, आगरकर, शिवराम महादेव परांजपे या परंपरेत आम्ही शैली पाहतो, विचार पाहतो, उपरोध पाहतो. बातमी आणणारा माणूस त्या इतिहासात निनावी आहे.

याचा एक परिणाम फार बोलका आहे. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आमच्या जिल्ह्याचा अभिमान. त्यांचे डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांचे कथन आम्ही आत्मपर गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. ते तुरुंगात का गेले, हे एका वाक्यात उरकतो : कोल्हापूर प्रकरणात, देशभक्तीपायी. वस्तुस्थिती अशी आहे की, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्ष होत होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याची चर्चा होती. दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारी काही पत्रे हाती आली आणि त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. न्यायालयात पत्रे बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. महाराजांच्या हालांविषयीची त्यांची तळमळ खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, ते महाराज अहमदनगरला पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. म्हणजे भीती रास्त होती आणि कागद खोटा होता. पंचविशीतल्या दोन बुद्धिमान संपादकांना बातमीच्या पहिल्या धड्याची, हाती आलेला कागद खरा कशावरून या प्रश्नाची, किंमत १०१ दिवस पडली. वृत्तपत्रविद्येच्या वर्गात यापेक्षा चांगला धडा मराठीत दुसरा कोणता असेल? आम्ही तो हारतुऱ्यांखाली झाकून टाकला. थोरांची चूक सांगितली तर थोरपण उणे होते अशी आमची समजूत. तिने विद्यार्थ्याचे नुकसान झाले आणि आगरकरांचेही. असो.

आता नायगावकडे येऊ. नायगाव आमच्या तालुक्यात. ३ जानेवारीला तिथे दरवर्षी शासकीय सोहळा होतो आणि तीनच दिवसांनी, ६ जानेवारीला, पत्रकार दिन येतो. पहिल्या दिवशीच्या बातमीत मंत्री कोण आले, कोणाचे स्वागत कोणी केले, प्रास्ताविक-आभार कोणाचे, हे असते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पत्रकारांना शाल-श्रीफळ देणारे असतात. या दोन तारखांच्या मध्ये एक गोष्ट विसरली जाते. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांपैकी तीन उपलब्ध आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात ती आहेत. त्यांतले २९ ऑगस्ट १८६८ चे पत्र नायगावहून लिहिलेले असून स्थळाच्या जागी नायगाव, पेटा खंडाळा, सातारा असा पत्ता आहे. ‘कुठे’चे उत्तर असे असते.

या पत्रात काय आहे? गावोगाव फिरून पंचांगावर पोट भरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली एक मुलगी यांचे प्रेम जमले. मुलीला सहा महिने गेले तेव्हा गावाला कळले. गावकऱ्यांनी दोघांना धरून मारत गावातून फिरवले आणि आता जिवे मारणार इतक्यात सावित्रीबाई तिथे पोचल्या. इंग्रजी कायद्याने तुमचे काय होईल याची भीती घालून त्यांनी जमाव मागे हटवला. सदूभाऊ नावाच्या गावकऱ्याने दोघांनी गाव सोडावे असे म्हटले, दोघांनी ते मान्य केले, आणि त्यांना जोतीरावांकडे पाठवण्यात... नाही, इथे आम्हीच त्या प्रयोगात घसरत होतो. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवले.

हे पत्र आम्ही स्त्रीवादाच्या तासाला वाचतो, सत्यशोधक चळवळीच्या तासाला वाचतो. ते वार्तांकनाच्या तासाला कधीही वाचले नाही. वास्तविक त्यात सहाच्या सहा ककार आहेत. कोणी काय केले हे कर्त्यासह आहे. जमावातला बोलणारा माणूस नावाने आहे. स्वतः लिहिणारीने काय केले तेही आहे, आणि ते ना फुगवलेले ना लपवलेले. १८७७ च्या एप्रिलमध्ये जुन्नरजवळच्या ओतूरहून लिहिलेले दुसरे पत्र दुष्काळाचे आहे : माणसे-जनावरे मरत आहेत, गावे सोडून लोक निघाली आहेत, सावकारांविरुद्ध उठलेल्या लोकांसोबत सत्यशोधक स्वयंसेवकांनाही अटक होते, बाई स्वतः कलेक्टरसमोर उभ्या राहून जाब विचारतात आणि कलेक्टर त्यांना सोडून देऊन ज्वारीच्या गाड्या पाठवतो. विशेष हे की, त्या कलेक्टरच्या भल्या वागण्याचीही नोंद करतात. ज्याच्याशी भांडायला गेलो त्याच्या पदरात जे आहे ते टाकायचे, हा वार्तांकनाचा कणा आहे. आमच्या मार्गदर्शकांत त्याला ‘वस्तुनिष्ठता’ असे कोरडे नाव आहे आणि त्याखाली पाच मुद्दे आहेत.

कोणी म्हणेल, ही खासगी पत्रे आहेत, त्यांना बातमी कसे म्हणावे? म्हणू नये. पण बातमीदार घडवायचा तर त्याच्यापुढे कोणता नमुना ठेवायचा याची ही चर्चा आहे. आणि ज्या तालुक्यात हा नमुना लिहिला गेला त्या तालुक्यातले विद्यार्थी अपघातातले मयत मनाने ठरवत असतील तर आम्हाला लाज वाटायला हवी.

मराठी विभागाचा आणखी एक दुटप्पीपणा सांगतो. बातमीदारी उत्तम झाली की आम्ही तिला साहित्य म्हणून उचलून नेतो. अनिल अवचटांचे ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये आले, ‘माणसं’ १९८० मध्ये. ही पुस्तके आम्ही रिपोर्ताज या वाङ्मयप्रकारात बसवली, त्यांतल्या संवेदनशीलतेवर प्रश्न काढले. अवचट एका वस्तीत किती दिवस राहिले, किती माणसांशी बोलले, आकडे कोणाकडून घेतले, हे प्रश्न काढले नाहीत. अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ राजकीय कादंबऱ्या म्हणून शिकवल्या. मंत्रालयाच्या जिन्यांवर झिजलेल्या त्यांच्या चपला अभ्यासक्रमात आल्या नाहीत. चांगले ते साहित्यात गेले आणि उरलेली बातमी हीन ठरली, मग हीन म्हणून ती शिकवण्यात कष्ट घ्यायचे कारण उरले नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ काढले, पुढे तरवडीहून चालवले. खेड्यात बसून, खेड्यातल्यांसाठी, पन्नासहून अधिक वर्षे. शहरातून खेड्याकडे पाहणाऱ्या बातमीपेक्षा ती बातमी निराळी कशी होती, यावर आमच्या किती विद्यार्थ्यांनी लघुप्रबंध लिहिला? आमच्या विभागात एकानेही नाही.

या सगळ्याला बाहेरचे जग उत्तेजन देते, हे मान्यच आहे. आमचा एक माजी विद्यार्थी तालुका प्रतिनिधी झाला. कोणत्या वृत्तपत्राचा ते सांगत नाही. त्याला पगार नाही. जाहिरातींवर टक्केवारी आहे आणि वर्षाला पुरवण्यांचे उद्दिष्ट आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी हे त्याचे खरे पीक. एकदा तो अशीच पुरवणी घेऊन आमच्याकडे महाविद्यालयाची जाहिरात मागायला आला. आम्ही त्याला जरा शिक्षकी सुरात सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही सहा शिकवलेत. त्यांतले पाच चालतात. ‘का’ विचारला की जाहिरात जाते." आमच्यातल्या मॅडमनी त्याला चहा दिला. दुसरे काही देण्यासारखे आमच्याकडे नव्हते.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा शब्दशः सारखा मजकूर प्रतिस्पर्धी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले, प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल दिला. त्या मजकुराखाली निरनिराळी नावे होती. आमच्या परीक्षेत असे सापडले असते तर दोघांचीही उत्तरपत्रिका रद्द झाली असती. पण आज आम्ही हा प्रसंग ‘माध्यमांचे व्यापारीकरण’ या घटकात सांगतो तेव्हा सूर असा असतो की, भ्रष्ट झाली ती वृत्तपत्रे आणि आम्ही शुद्ध राहिलो. ज्या पोराला आम्ही तीन वर्षे कल्पनेने बातमी भरायला शिकवले, त्याला पुढे कोणी तयार मजकूर आणून दिला तर तो का नाकारील? कल्पित तपशील आणि विकत दिलेला तपशील यांत त्याच्या हाताला फरक जाणवायचा कसा? दोन्हींसाठी घराबाहेर पडावे लागत नाही.

आम्ही गेल्या दोन वर्षांत एवढेच केले की, अंतर्गत मूल्यमापनात कल्पित बातमी बंद केली. लेखी परीक्षेतला प्रश्न आमच्या हातात नाही, तो आजही येतो. अंतर्गत गुणांसाठी विद्यार्थ्याने जाऊन यायचे. कुठे जायचे याची यादी अगदी सामान्य आहे. लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहायचा आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तिन्ही दर लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘कांद्याला इतका भाव’ म्हणून जो आकडा येतो तो बहुधा कमाल दर असतो, एखाद्या निवडक वक्कलाला मिळालेला. ज्याचा कांदा सर्वसाधारण दराने गेला तो शेतकरी ती बातमी वाचून स्वतःलाच फसलेला समजतो. हे एका मुलीने स्वतःच्या वडिलांच्या पट्टीवरून दाखवून दिले. तिचे वाक्य ओबडधोबड होते, पण त्यात तीन आकडे होते आणि तिन्ही खरे होते.

पालखीचेही तसेच. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर आमच्याच तालुक्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामी असते. दरवर्षी ‘लाखो वैष्णवांचा मेळा’ छापून येतो. आम्ही मुलांना सांगितले, लाखो मोजता येणार नाहीत, तेव्हा तुम्हाला मोजता येईल ते मोजा. त्यांनी एका तळावरची शौचालये मोजली, त्यांत स्त्रियांसाठी किती, पाणी किती वाजेपर्यंत होते, हे टिपले. भक्तिरसाने ओथंबलेले लिहिणाऱ्यांपैकी दोघे नाराज झाले. रसाची त्यांची हौस आम्हीच वाढवली होती.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. त्या होतात की कागदावर होतात हे पाहायला जाणे हा वर्गातल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठा धडा ठरला. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आम्ही ‘पत्रकारितेची साधने’ म्हणून तोंडी शिकवत होतो. आता प्रत्येकजण दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एक अर्ज करतो. तीस दिवसांत उत्तर येणे अपेक्षित असते, सत्र संपेपर्यंत काहींची येतच नाहीत. तेव्हा आम्ही सांगतो की उत्तर न येणे हेही लिहा. कोणत्या तारखेला अर्ज दिला, पोचपावतीवर कोणाची सही आहे, तेवढे लिहा. फिर्याद आणि पंचनामा यांतला फरक, सात-बारा आणि फेरफार यांतला फरक, आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरक, हे शिकताना आम्हीही त्यांच्याबरोबर शिकतो. शेवटच्या दोन शब्दांबाबत तर मराठी वृत्तपत्रे इतकी बेफिकीर आहेत की, निर्दोष सुटलेला माणूसही गावात जन्मभर ‘आरोपी’ राहतो.

हे सोपे नाही. मुलींना एकटीने पोलीस ठाण्यात पाठवायला घरचे तयार नसतात. मग आमच्यातले कोणीतरी बरोबर जाते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गातले पंधरा-वीस खरोखर जातात, बाकीचे पंधरा-वीसांचे उतरवून काढतात. एका कार्यालयातून आमच्या महाविद्यालयात फोन आला की तुमची पोरे उगाच रजिस्टर मागत फिरतात. कार्यालय कोणते हे महत्त्वाचे नाही. रजिस्टर जनतेला पाहण्यासाठीच असते, हे आम्ही फोनवर कायद्यातील चौथ्या कलमाच्या आधारे सांगितले, तेव्हा पलीकडून विचारणा झाली, "मॅडम, आपण मराठीच्या ना?"

या सत्रात आलेल्या बातम्यांपैकी एक सर्वांत लहान आहे. विद्यार्थ्याला फेरफार नोंदीविषयी विचारायचे होते. त्याने लिहिले आहे की, तो सोमवारी अकरा वाजता गावच्या तलाठी कार्यालयात गेला, दाराला कुलूप होते, दारावर सूचना नव्हती. बाहेर सात माणसे बसली होती, त्यांत एक म्हातारी जवळच्या वाडीतून चालत आली होती. शेजारच्या दुकानदाराने भाऊसाहेब तालुक्याला बैठकीला गेल्याचे सांगितले. दोन वाजता तो स्वतः तहसील कार्यालयात फोन करून विचारता झाला, तर त्या दिवशी बैठक नसल्याचे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याने नाव सांगितले नाही. मथळा त्याला सुचला नाही, ती जागा त्याने मोकळी ठेवली आहे. त्याला किती गुण द्यावेत यावरून आमच्यात अजून वाद चालू आहे. एकाचे म्हणणे असे की मथळा नसल्याने दोन गुण कापावेत, नियम तसा आहे.